शांत लॅपटॉपचा शोध: सदाशिव पेठेतल्या रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या नोंदी

२९ मार्च २०२५

उद्या पाडवा. दुकानांच्या सवलतींच्या जाहिराती सुरू झाल्यात, पण खरेदीआधी नेमकं काय हवंय ते लिहून काढते.

काम असं: अंध विद्यार्थ्यांसाठी शाळेची आणि कॉलेजची पुस्तकं घरी वाचून रेकॉर्ड करायची. खोली मागच्या बाजूची, बोळाकडे खिडकी असलेली, वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली. दोन भिंतींना पुस्तकांची कपाटं, उरलेल्या दोन भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. कंडेन्सर माइक, यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). मजकूर पडद्यावरून वाचते, म्हणून लॅपटॉप माइकच्या पलीकडे हातभर अंतरावर असतो. माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे पाठीमागून येणारा आवाज तो सगळ्यात कमी पकडतो. त्यामुळे लॅपटॉपसाठी ही जागा आधीच सर्वांत चांगली आहे. छताचा पंखा रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. उरतो तो लॅपटॉपचा पंखा.

‘नॉइज रिडक्शन लाव आणि मोकळी हो’, म्हणजे मागचा आवाज सॉफ्टवेअरच्या फिल्टरने पुसून टाक, हा सल्ला बरेच जण देतात. मराठीत तो महागात पडतो. पंख्याची सूं-सूं ज्या पट्ट्यात असते, त्याच पट्ट्यात श, स आणि ख, घ, छ, भ यांच्यातला श्वास असतो. फिल्टर जोरात लावला की तो श्वास कापला जातो. ‘घट’ ऐकताना ‘गट’ वाटतो, ‘खडा’ आणि ‘कडा’ यांतला फरक पुसट होतो. पुस्तक डोळ्यांनी वाचणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. जी मुलगी हा शब्द पहिल्यांदा माझ्याच आवाजात ऐकणार आहे आणि परीक्षेत लेखनिकाला सांगणार आहे, तिचं बिघडतं. म्हणून आवाज नंतर पुसायचा नाही, मुळातच होऊ द्यायचा नाही, हे ठरलं.

३० मार्च

मोजमापाची पद्धत पक्की केली. फोनवरची डेसिबल ॲप्स या कामाची नाहीत, कारण शांत खोलीत फोनच्या माइकचा स्वतःचाच खरखराट मोजला जातो. मी माझाच माइक वापरते, गेनचं (माइकचा आवाज किती वाढवायचा त्याचं) बटण एका जागी ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली आहे. एक मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करायचं आणि त्या तुकड्याचा आरएमएस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी, बघायचा.

लक्ष्य म्हणून ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स सेवेची अट घेतली: नॉइज फ्लोअर, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा आवाज, उणे ६० डेसिबलच्या खाली हवा (उणे आकडा जितका मोठा तितकी शांतता), वाचनाचा आरएमएस उणे २३ ते उणे १८ मध्ये, शिखर उणे ३ च्या वर जाता कामा नये. मी त्यांच्यासाठी रेकॉर्ड करत नाही, पण हा आकडा सरळ आणि तपासता येण्यासारखा आहे.

आजचे आकडे: लॅपटॉप दाराबाहेर, लांब केबलवर ठेवला तर खोली उणे ६७. लॅपटॉप समोर, नुसता सुरू असताना उणे ६१. पंखा पूर्ण वेगात असताना उणे ५०. शेवटचा आकडा वाचन फेकून द्यायला लावणारा आहे.

सध्याचा लॅपटॉप इंटेलच्या बाराव्या पिढीच्या पी-मालिकेतला, कोअर आय ५-१२४०पी, पातळ चपट्या ॲल्युमिनियमच्या अंगाचा.

२ एप्रिल

एक प्रश्न सतावत होता: आवाज रेकॉर्ड करायला प्रोसेसरला काम असतंच किती? हिशोब केला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक चॅनेल, म्हणजे सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट. तासाचे जेमतेम ५२ कोटी बाइट. एवढ्याने कुठलाही प्रोसेसर तापायला नको.

टास्क मॅनेजर उघडून वाचत बसले तेव्हा कारण दिसलं. रेकॉर्डिंगची फाइल वाढत असते, तोवर अँटिव्हायरस ती तपासतो, विंडोजचा सर्च इंडेक्सर तिच्याकडे धावतो, क्लाउडवाला प्रोग्रॅम ती वर चढवायला लागतो. प्रत्येक काम दोन-तीन सेकंदांचं. पण त्या दोन-तीन सेकंदांसाठी प्रोसेसर टर्बोत, म्हणजे थोड्या वेळाच्या जादा वेगात, जातो. १२४०पी चा पायाभूत आकडा २८ वॉट, टर्बोतला कमाल ६४ वॉट. एवढी उष्णता पातळ अंगात अचानक शिरली की पंखा उसळतो आणि मग मिनिटभर खाली येत नाही.

फुकटातले उपाय, जे लागू पडले:

रेकॉर्डिंगचं फोल्डर अँटिव्हायरस आणि इंडेक्सर दोन्हींतून वगळलं. क्लाउड थांबवला. फ्लाइट मोड चालू केला, त्याने अपडेटही गप्प बसले. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के केला. हा एक टक्का दिसायला क्षुल्लक आहे, पण त्याने टर्बो पूर्ण बंद होतो. वेगाच्या वरच्या टप्प्यासाठी प्रोसेसरला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून शेवटचा थोडासा वेग सर्वांत जास्त उष्णता देतो. काही नव्या लॅपटॉपवर ही ओळ दिसतच नाही, ती कमांड देऊन उघडावी लागते.

नुसता सुरू असतानाचा आकडा उणे ६४ वर आला. पंखा उसळणं जवळजवळ थांबलं.

९ एप्रिल

थांबलं नव्हतं. मार्चअखेरची रात्र आणि आजची रात्र यांत फरक आहे. आज रात्री अकरा वाजता खोलीत ३४ अंश आहेत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो. खिडकी बंद, छताचा पंखा बंद. लॅपटॉप जी हवा आत ओढतो तीच ३४ अंशांची. वीस मिनिटांनी पंखा लागला तो लागलाच.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला एक दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे लॅपटॉप उघडून घेतला. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा थर होता. गेली काही वर्षं आपल्या भागात जी खोदाखोदी आणि बांधकामं चाललीत, त्यात हे होणारच. ते म्हणाले, “ताई, हे वर्षातून एकदा करायलाच पाहिजे, आणि पेस्ट पण बदलू, ही वाळून खडू झालीये.” साफसफाई आणि थर्मल पेस्ट मिळून १,१०० रुपये. अर्धा दिवस गेला.

फरक पडला. पंखा आता वीसऐवजी पस्तीस-चाळीस मिनिटांनी लागतो. माझा एक धडा पाऊण ते एक तासाचा असतो, म्हणजे नेमका धड्याच्या शेवटच्या भागात. आधीच्या भागाशी त्याचा पोत जुळत नाही. श्रोत्याला खोली बदलल्यासारखं ऐकू येतं.

१३ एप्रिल

खरेदी टाळता येईल का, याचे उरलेले मार्ग करून पाहिले.

लॅपटॉप दाराबाहेर ठेवून पाच मीटरची यूएसबी केबल (६५० रुपये). यूएसबी २.० ला पाच मीटर हीच मर्यादा आहे, त्याहून लांब साधी केबल विश्वासाची नसते. आवाज उणे ६७, उत्तम. पण केबलमुळे दार नीट लागत नाही आणि फटीतून जिन्यातले आवाज येतात. शिवाय पडदा समोर नसल्याने मजकूर कागदावर छापावा लागतो आणि पान उलटताना कागद वाजतो. सोडून दिलं.

कूलिंग पॅड मैत्रिणीकडून आणलं. लॅपटॉपचा पंखा शांत झाला, पॅडचे पंखे वाजू लागले. परत केलं.

लॅपटॉपभोवती फोमची पेटी. आवाज अडला, उष्णताही अडली. दहा मिनिटांत पंखा पूर्ण वेगात. हे कुणी करू नये, बॅटरीलाही घातक आहे.

आता नवीन घ्यायचा. अंदाजपत्रक ७५,००० रुपये, फार तर थोडं वर.

१९ एप्रिल

प्रोसेसरच्या प्रकारांचा अभ्यास. भाचा संगणक अभियांत्रिकी शिकतो, त्याला बोलावून बसवलं. त्याने पहिल्याच वाक्यात मुद्द्याचं सांगितलं, “मावशी, प्रोसेसर आवाज करत नाही, वॉट आवाज करतात. एकच चिप एका लॅपटॉपमध्ये १५ वॉटला चालवतात, दुसऱ्यात ३० ला.” त्यामुळे नुसतं नाव बघून निवडायचं नाही, हे आधी लिहून ठेवलं. मग एकेक घेतला.

इंटेल एन१००. जानेवारी २०२३ चा, चार लहान कोअर, फक्त ६ वॉट. याचे बिनपंख्याचे लॅपटॉप खरोखर मिळतात, पण सगळेच तसे नसतात. खोक्यावर न लिहिलेला पंखा आत असू शकतो. ज्याचं काम फक्त रेकॉर्ड करून फाइल दुसऱ्याला पाठवणं आहे, त्याला हा पुरतो आणि पैसे वाचतात. मला संपादन आणि एक्स्पोर्टही (पाठवायची फाइल तयार करणं) त्याच यंत्रावर करायचंय, तिथे तो रखडतो. भाच्याच्या मित्राकडच्या यंत्रावर माझाच एक धडा घालून बघितला, एक्स्पोर्ट होईस्तोवर आमचा चहा पिऊन झाला.

इंटेलच्या एच-मालिका (४५ वॉट) आणि पी-मालिका (२८ वॉट) बाद. यू-मालिका पायाभूत १५ वॉटची, पण तिथेही सावध राहावं लागतं: तेराव्या पिढीच्या आय ५-१३३५यू ला टर्बोत ५५ वॉटपर्यंत जायची मुभा आहे. १५ हा आकडा ठळक छापतात, ५५ शोधावा लागतो.

इंटेलची कोअर अल्ट्रा २००व्ही मालिका, सप्टेंबर २०२४ ची. हिची गोष्ट वेगळी आहे. आठ कोअर, पायाभूत १७ वॉट (सर्वांत वरच्या मॉडेलला ३०), कमाल ३७, आणि १६ किंवा ३२ जीबी मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर, म्हणजे नंतर वाढवता येत नाही. विंडोजचं जुनं सगळं चालवणाऱ्यांत शांततेसाठी ही मला सगळ्यात पुढे वाटते. पण या मालिकेचे जे लॅपटॉप मला पसंत पडले ते सगळे लाखाच्या आसपास किंवा वर.

एएमडी. इथे नावांत फार घोळ आहे. ७००० च्या मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा पिढी सांगतो: ७५२०यू झेन २, ७५३०यू झेन ३, ७८४०यू झेन ४. दुकानात तिन्ही ‘रायझन सात हजार’ म्हणून एकाच रांगेत मांडलेले असतात. जुन्या पिढीचा आवाज जास्तच असतो असं नाही, पण त्याच कामाला वॉट जास्त लागतात. ७८४०यू ची मुभा १५ ते ३० वॉट, लॅपटॉप बनवणारा ठरवेल तेवढी.

स्नॅपड्रॅगन एक्स, पहिले लॅपटॉप जून २०२४ चे. एआरएम पद्धतीचा (फोनमधल्या प्रोसेसरसारखा, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या घडणीचा), वॉट कमी, बॅटरी खूप. ‘एआरएम म्हणजे बिनपंख्याचा’ असा एक समज आहे, तो खरा नाही. यातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये पंखा असतो, फक्त तो क्वचित लागतो.

ॲपलचे एम प्रोसेसर. नोव्हेंबर २०२० च्या एम१ पासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. मॅकबुक प्रोमध्ये आहे. मार्चमध्ये एम४ एअर आलाय, भारतात ९९,९०० पासून. त्यामुळे एम२ चा शिल्लक माल दुकानांत उतरलेल्या किमतीला मिळतोय. इतरांनीही विचारावा असा मुद्दा मेमरीचा: ऑक्टोबर २०२४ नंतर एअरची किमान मेमरी ८ ची १६ जीबी झाली. जुना ८ जीबीचा खोका स्वस्त दिसतो, पण मेमरी नंतर घालता येत नाही.

२१ एप्रिल

कर्वे रस्त्यावरच्या दोन मोठ्या दुकानांत जाऊन आले. शांत लॅपटॉप निवडायला दुकान ही जागाच नव्हे. एसी, गाणी, माणसं. ठेवलेले नमुने दिवसभर जाहिरातीची चित्रफीत चालवत असतात, म्हणून पंखा आधीच तापलेला. काही इन्स्टॉल करू देत नाहीत. विक्रेता मनापासून सांगत होता, “मॅडम, हा एकदम सायलेंट आहे,” आणि कान लावून ऐकायचा प्रयत्नही त्याने माझ्याबरोबर केला, पण तिथे काही ऐकू येणं शक्य नव्हतं. ‘सील फोडलं तर परत घेत नाही’ हे मात्र दोन्हीकडे स्पष्ट होतं.

म्हणून ठरवलं, ओळखीच्यांकडून उसने आणून माझ्याच खोलीत, रात्री, छताचा पंखा बंद ठेवून तपासायचे. चाचणी सगळ्यांना एकच: तासभर रेकॉर्डिंग, त्यानंतर लगेच तासाच्या फाइलचा एक्स्पोर्ट, आणि एक्स्पोर्ट चालू असतानाच एक मिनिट शांततेचं मोजमाप.

ऑफिसने दिलेला लॅपटॉप मागू नका. हिंजवडीच्या एका मैत्रिणीने आनंदाने दिला, पण त्यावर ऑडॅसिटीदेखील घालता येत नाही, आणि कंपनीचे पहारेकरी प्रोग्रॅम पाठीमागे सतत चालू असतात. त्याच्यावरून काहीच कळत नाही.

२६ एप्रिल

बाणेरच्या मैत्रिणीचा रायझन ७८४०यू. ‘क्वाएट’ मोडमध्ये टाकला. खोली ३५ अंश.

सुरुवातीला पंखा पूर्ण बंद, आकडा उणे ६७, म्हणजे खोलीइतकाच. मन लावून वाचत होते. मग पंखा सुरू झाला, अर्ध्या मिनिटाने थांबला. पुन्हा सुरू. पुन्हा थांबला. तासभर हेच.

इथे मला ही सगळी खटपट करण्यासारखी एक गोष्ट कळली. जुन्या लॅपटॉपचा एकसुरी आवाज फिल्टरला ओळखता तरी येतो. तो नमुना घेतो आणि तेवढाच वजा करतो. चालू-बंद होणारा पंखा त्याला ओळखता येत नाही. नमुना शांततेचा दिला तर पंखा राहतो, पंख्याचा दिला तर शांत भागातला आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. सरासरी आकड्याने हा लॅपटॉप माझ्या जुन्यापेक्षा खूपच शांत ठरतो, वाचनासाठी मात्र जास्त त्रासाचा. ‘इतके डेसिबल’ हा एकच आकडा पाहून निवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पंखा किती वाजतो यापेक्षा किती वेळा मत बदलतो, हे माझ्या कामाला जास्त महत्त्वाचं.

टर्बो बंद करून पुन्हा चाचणी घेतली. चालू-बंद कमी झालं, गेलं नाही.

३ मे

मावसभावाचा स्नॅपड्रॅगन एक्सवाला. त्याच चाचणीत रेकॉर्डिंगच्या तासात पंखा एकदाही ऐकू आला नाही, एक्स्पोर्टच्या वेळी हलका लागला. नुसत्या आवाजावर ठरवायचं असतं तर आज शोध संपला असता.

अडचण ड्रायव्हरची, म्हणजे जोडलेलं उपकरण विंडोजकडून चालवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. जुने विंडोज प्रोग्रॅम यावर अनुकरणाने चालतात, ऑडॅसिटीचंही काही अडलं नाही. ड्रायव्हरचं अनुकरण मात्र होत नाही, तो एआरएमसाठी वेगळा लिहिलेलाच लागतो. माझ्या इंटरफेसच्या कंपनीने तो दिलेला नाही. विंडोज १० च्या २०१७ च्या आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, त्यामुळे इंटरफेस ओळखला गेला आणि रेकॉर्डिंग झालं. पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किती ऐकायचा हे ठरवणारं पॅनेल उघडेना. तासनतास वाचताना ते नसेल तर घसा नकळत ताणला जातो.

दुसरी अडचण अगदी मराठी वाचकांची. प्रकाशकांकडून मजकूर अजूनही बऱ्याचदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये येतो, आणि तो उघडायला जुनं डीटीपी सॉफ्टवेअर लागतं. माझ्याकडच्या आवृत्तीला यूएसबीचं डाँगल आहे, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. डाँगलला ड्रायव्हर लागतो. तो २०२४ च्या एआरएम विंडोजसाठी कोण लिहिणार? ज्यांचं पोट मराठी टाइपसेटिंगवर आहे त्यांनी एआरएमचा विचार करताना आधी डाँगल लावून बघावं, बाकी सगळं नंतर.

४ मे

यातून निर्णय सोपा झाला. डाँगलचं काम शांततेत करायचं नसतंच. जुना लॅपटॉप बाहेरच्या खोलीत ठेवायचा, मजकुराचं युनिकोड तिथे करायचं, आणि आतल्या खोलीत फक्त वाचन आणि संपादन. म्हणजे आतल्या यंत्राला जुनं विंडोज सॉफ्टवेअर चालवण्याची गरज उरत नाही. तसं असेल तर पंखाच नसलेलं यंत्र घ्यावं. एप्रिलच्या स्लॅबखाली ‘क्वचित लागणारा’ पंखाही लागतोच.

बिनपंख्याचं यंत्र तापत नाही असं नव्हे. ते तापतं आणि हळू होतं. माझ्या कामात हळू झालेलं चालतं.

१० मे

मॅकबुक एअर, एम२, १६ जीबी मेमरी, २५६ जीबी साठवणूक. शिल्लक मालातला, बिलासह ७६,००० रुपये.

२५६ च्या एम२ मध्ये साठवणुकीची चिप एकच असल्याने तिचा वेग मोठ्या क्षमतेच्या मॉडेलपेक्षा कमी आहे. व्हिडिओवाल्यांना तो जाणवेल. सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट लिहिणाऱ्याला नाही.

इंटरफेस लावला, ड्रायव्हर न घालता चालू झाला. मराठी टंकनासाठी देवनागरीचा कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळाला. चाचणी: खोली ३६ अंश, तासभर वाचन, आकडा पूर्ण वेळ उणे ६७. लागोपाठ तीन धडे एक्स्पोर्टला लावले तेव्हा तिसऱ्याला पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला आणि कीबोर्डच्या वरची पट्टी हात ठेवू नये इतकी तापली. आवाज शून्य. आता एक्स्पोर्ट रात्री झोपताना लावते, यंत्र लाकडी पाटावर ठेवून, म्हणजे खालून हवा लागते.

११ मे

बॅटरी संपत आली म्हणून चार्जर लावून वाचलं आणि नवीनच आवाज आला. बारीक, खोल, अखंड गुणगुण. खोलीत कानाला ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये येते. स्पेक्ट्रम काढला तर ५० आणि १०० हर्ट्झवर सुळके. म्हणजे विजेची गुणगुण. ॲल्युमिनियमच्या अंगावरून बोट फिरवलं तर हलकी झिणझिणही जाणवली. दोन पिनांच्या चार्जरमधून किंचित करंट अंगावर उतरतो, आणि त्याला जमिनीत जायला वाट नसली की तो इंटरफेसमधून वाट काढतो.

चार्जर काढला, गुणगुण गेली. हे लॅपटॉप तपासताना कुणी सांगत नाही म्हणून ठळक लिहिते: शांततेचं मोजमाप बॅटरीवर एकदा आणि चार्जर लावून एकदा, असं दोन्ही वेळा करा. उसन्या आणलेल्यांची चाचणी मी बॅटरीवरच केली होती.

१७ मे

वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावून सांगितलं की या खोलीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला आत वायरच नाही. इमारत जुनी आहे, मूळ वायरिंगमध्ये मागच्या खोल्यांना अर्थिंग दिलेलंच नव्हतं. मीटरच्या बोर्डापासून हिरवी वायर ओढून घेतली आणि सॉकेट बदललं, २,४०० रुपये. चार्जरला तीन पिनांची लांब केबल लावली. गुणगुण जवळपास गेली, झिणझिण पूर्ण गेली. तरीही वाचन बॅटरीवरच करते, एका बैठकीला ती पुरून उरते.

हे काम लॅपटॉपशिवायही करायलाच हवं होतं. जुन्या वाड्यांच्या जागी आलेल्या पहिल्या पिढीच्या इमारतींत राहणाऱ्यांनी माइक घेण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावं.

३१ मे

पाऊस यंदा लवकर आला. वाचन दिवसा बंद, पत्र्यावर थेंब वाजतात. रात्री चालू. लॅपटॉप गप्प झाल्यावर त्याच्याखाली दडलेले आवाज वर आलेत: भिंतीवरचं घड्याळ (काढलं), स्वयंपाकघरातला फ्रिज (वाचताना बंद, आणि परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते), शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप (वेळ विचारून घेतली, साडेदहानंतर लावत नाहीत). आज पहिल्यांदा उणे ७० दिसलं. या आकड्यावर नॉइज रिडक्शन अजिबात लावलं नाही. ‘घट’ घटच ऐकू येतो.

२० जून

आज दोन्ही पालख्या शहरात. दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत टाळ-मृदंग, रेकॉर्डिंग नाही. त्या वेळेत एका राहिलेल्या चाचणीची तयारी केली: बाणेरच्या मैत्रिणीचा रायझनवाला पुन्हा आणून ठेवलाय. उद्या घेते.

२१ जून

खोली आता २७ अंश. तोच लॅपटॉप, तोच ‘क्वाएट’ मोड, टर्बो बंद. तासाभराच्या वाचनात पंखा लागलाच नाही. एक्स्पोर्टला लागला, तोही एकदाच लागून स्थिर राहिला. एप्रिलमध्ये मी जो लॅपटॉप नाकारला, तो जूनमध्ये तपासला असता तर निवडला असता आणि पुढच्या एप्रिलमध्ये अडकले असते. उलट ज्यांची खोली खालच्या मजल्यावर आहे, किंवा जे हिवाळा-पावसाळ्यातच रेकॉर्ड करतात, त्यांना हा पूर्ण चालेल, आणि विंडोजचं जुनं सगळं त्यावर चालेल.

खर्चाची बेरीज: साफसफाई व पेस्ट १,१००, केबल ६५०, लॅपटॉप ७६,०००, अर्थिंग २,४००. एकूण ८०,१५०. वेळ सर्वांत जास्त गेला तो उसने लॅपटॉप मिळवण्यात आणि पोचवण्यात.

अकरावीच्या अर्थशास्त्राचे पहिले चार धडे पाठवले. पाचव्यात आकडेवारीची कोष्टकं आहेत, ती कशी वाचायची हे आधी दोन विद्यार्थिनींना विचारून घ्यायचंय: ओळीने की रकान्याने.